आखणीपुरता उजेड

पेण, हमरापूर, जोहे या परिसरातील गणपतींच्या कारखान्यांत चालणारे शब्द गोळा करावयाचे आम्ही काही मराठीच्या प्राध्यापकांनी ठरविले, तेव्हा वही पुरेशी वाटली होती. 'आखणी' या शब्दापाशी ती अपुरी पडली. पेणमध्ये आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखाटणे. रेघ कोठे भरते, कोठे निमुळती होऊन विरते, यावरून जाणकार कारागिराचा हात ओळखतात. हे शब्दांत कितीही सांगितले तरी दाखविल्यावाचून पटत नाही. म्हणून कॅमेरा घेणे आले. आमच्यापैकी दोघे चाळिशी उलटूनही तासिका तत्त्वावर शिकवितात, तेव्हा 'परवडणारा' हे विशेषण आमच्याकडे अलंकारिक नव्हते.

खिशात फोन असताना कॅमेरा कशाला, हा विद्यार्थ्यांचा प्रश्न रास्तच होता. आम्ही फोनवर छायाचित्रे घेऊनही पाहिली. आषाढातला कारखाना म्हणजे पावसासाठी लावलेले प्लास्टिक, एक ट्यूबलाइट आणि रांगेने उभ्या पांढऱ्या मूर्ती. फोन अनेक चित्रे एकत्र करून कोपऱ्यातला अंधार उजळतो आणि रेघेला स्वतःच धार लावतो. चित्र देखणे येते. परंतु जी रेघ अभ्यासावयाची, तिची जाडी आता कारागिराची की यंत्राची, हे सांगता येत नाही. रोह्याला दसऱ्यानंतर निघणाऱ्या धावीर महाराजांच्या पालखीचे रात्रीचे चित्र घेताना तर चालत्या माणसांचे चेहरेच फराटले. मराठीने या कलेला छायाचित्र म्हटले आहे. त्यातली छाया परस्पर काढून टाकण्याचा अधिकार यंत्राला कोणी दिला? (फोनमध्ये 'प्रो' नावाची सोय असते हे खरे, पण त्याच्या भिंगाचे छिद्र बहुधा लहानमोठे करता येत नाही.)

आम्हांला हवे होते ते एवढेच: छिद्र, शटरचा वेग आणि आयएसओ आपल्या हाताने ठरविता यावेत. विजेचा प्रवाह ५० हर्ट्झचा, म्हणून जुन्या चोकवरची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. शटर त्याहून वेगाने चालविले तर चित्रात पट्टे येतात किंवा रंग बदलतात. म्हणून १/१०० सेकंद. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक सारे जग करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो, त्यामुळे रंग न दिलेल्या पांढऱ्या मूर्ती तो मळकट करतो; तेथे उजेड हाताने वाढवावा लागतो. स्वयंचलित कॅमेरा हे करीत नाही असे नाही, पण केव्हा करील याचा भरवसा नाही.

शोधता शोधता आम्ही निकॉनच्या डी-४० या २००६ साली आलेल्या कॅमेऱ्यापाशी थांबलो. वापरलेला, अर्थात. अवघे ६ मेगापिक्सेल हे ऐकून दुकानदार हसला. परंतु ३००८ गुणिले २००० बिंदूंचे चित्र छपाईत सुमारे २५ बाय १७ सेंटीमीटर सुस्पष्ट उतरते. आमच्या पुस्तकाचे पान त्याहून मोठे नाही. मेगापिक्सेलची आकडेवारी ही समीक्षेतल्या परिभाषेसारखी आहे, कामापेक्षा धाक दाखविण्यासाठीच जास्त वापरली जाते.

खरा खर्च भिंगाचा. सोबतच्या १८-५५ मिमी भिंगाचे छिद्र लांबच्या टोकाला ५.६ च्या पुढे उघडत नाही, १.८ च्या छिद्रातून त्याच्या जवळपास दहापट उजेड येतो. मात्र डी-४० च्या अंगात फोकसची मोटर नाही. जुने स्वस्त ५० मिमी 'एएफ-डी' भिंग लावले तर फोकस हातानेच करावा लागतो. भिंगातच मोटर असलेले ३५ मिमीचे 'एएफ-एस' महाग पडते. आम्ही स्वस्त घेतले. आखणी करणारा कारागीर श्वास रोखून बसलेला असतो, मूर्ती हलत नाही. एवढ्या अवधीत फोकस साधतो. पालखीसाठी मात्र हे भिंग कुचकामी आहे, आणि आमचे रोहेकर सहकारी ते रोज ऐकवितात. त्यांच्यासाठी दुसऱ्या भिंगाची वर्गणी चालू आहे.

कोणी हाच कॅमेरा घेणार असेल तर ३२ जीबीपर्यंतचे एसडीएचसी कार्ड मागून घ्यावे. त्याहून मोठ्या क्षमतेची कार्डे त्यात चालत नाहीत.