तीन मुद्द्यांचं ज्ञापन

आमचं बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात असलं, तरी खानदेश इथून हाकेच्या अंतरावर आहे. गल्लीतल्या एकाच ओट्यावर मराठी, उर्दू, हिंदी आणि गुजराती ऐकू येते. नगरसेवकाला इथे पार्षद म्हणतात आणि निवेदनाला ज्ञापन. मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून आमच्या वॉर्डाच्या पार्षदांची ज्ञापनं लिहून देते. ते विणकर घरातले, उर्दू शाळेत शिकलेले. सरकारी हिंदी त्यांना जमत नाही. माझीही ती मातृभाषा नव्हे, पण जन्मभर तीच शिकवली.

गेल्या उन्हाळ्यात ते आले आणि चहा यायच्या आधीच बोटं मोजू लागले. "मॅडमजी, तीन मुद्दे. कुंडी भंडाऱ्याची डागडुजी, वॉर्डात रोज पाणी आणि पोरांना काम."

मी तिन्ही मुद्दे वेगवेगळे लिहायला घेतले. पहिला सोपा वाटला. सातपुड्यात मुरलेलं पावसाचं पाणी जमिनीखालून तापीकडे सरकतं. तबकतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने ते वाटेतच अडवायची युक्ती काढली. १६१५ साली, सुभेदार अब्दुल रहीम खानखानांच्या काळात, जमिनीखाली भुयार खोदलं गेलं आणि त्यावर विहिरींसारख्या शंभरावर कुंड्या बांधल्या गेल्या. मोट नाही, रहाट नाही. नुसत्या उतारावर पाणी शहरात यायचं. आज लिफ्टने सुमारे ऐंशी फूट खाली उतरलं की ते गुडघ्याशी वाहताना दिसतं. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर चढत जातात आणि वाट अरुंद होते. २०२४ मध्ये या भंडाऱ्याचं नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत आलं, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते.

दुसरा मुद्दा लिहिताना जरा थांबले. घरोघरी नळ असलेला देशातला पहिला प्रमाणित जिल्हा म्हणून २०२२ मध्ये आमचाच गौरव झाला होता. तो गावांसाठी होता. आमच्या शहरातल्या गल्लीत मात्र नळाची वेळ सांभाळत बायका अजून झोपमोड करतात.

तिसऱ्या मुद्द्यासाठी वेगळी माहिती जमवायची गरज नव्हती. शहरातली मोठी सूतगिरणी २०२०च्या लॉकडाउनमध्ये थांबली. माझे दोन विद्यार्थी तिथे होते; एक सुरतेला गेला, दुसरा रिक्षा चालवतो. पॉवरलूम अजून खडखडतात, पण सुताला कांजी द्यायची, कापड धुवायचं, तर पाणी हवंच. म्हणजे तीन मुद्दे कागदावरच तीन होते.

"मग चौथाही लिहायला हवा," मी म्हणाले. "कुंड्यांच्या वरच्या बाजूला नव्या बोअरवेल नकोत. वरचं पाणीच उपसलं, तर खाली डागडुजी कशाची करणार?"

पार्षदांनी कप खाली ठेवला. "तो मला माहीत आहे. मुद्दामच बोललो नाही. तिकडे केळीच्या बागा आहेत, आणि निवडणुकीत ती मतं मलाही लागतात. शिवाय..." ते थांबले. शिवायच्या पुढचं मला ठाऊक होतं. त्या बागांमध्ये एक बाग माझ्या भावाची आहे. वडिलांची विहीर आटली तेव्हा त्याने बोअर घेतली. पुढे ती कमी पडली म्हणून दुसरी. दुसरीसाठी पैसे मी दिले होते, माझ्या ग्रॅच्युइटीतून.

रात्री भावाला फोन केला. तो शांतपणे ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "ताई, त्या कुंड्यांना तू वारसा म्हणतेस. बाबांची विहीर वारसा नव्हती का? ती आटली तेव्हा कोणी ज्ञापन दिलं होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. केळीला वर्षभर पाणी लागतं, आणि त्याच्यावर कर्ज आहे. तो लोभी नाही. त्याच्या शेजाऱ्याने खोल बोअर घेतली, म्हणून त्याने आणखी खोल घेतली, एवढंच.

सकाळी कागद पुन्हा लिहिला. चौथा मुद्दा सर्वांत वर घेतला, पण भावाचं बोलणंही त्यात घातलं: नव्या बोअर थांबवा, आणि त्याआधी आटलेल्या विहिरींच्या पुनर्भरणाला पैसा द्या, म्हणजे शेतकऱ्याला एकट्याने खोल जावं लागणार नाही.

पार्षदांनी तो दोनदा वाचून घेतला. "मतं जातील," ते म्हणाले. मग उर्दूत सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. "तुम्हीही करा. एकट्याची नको."

आजवर मी ज्ञापनं नुसती लिहून देत आले होते, सही कधी केली नव्हती. या वेळी केली.

भाऊ दर शनिवारी केळीचा फणा घेऊन यायचा. तीन शनिवार झाले, तो आलेला नाही. ज्ञापनाचंही उत्तर नाही. या शनिवारी मीच शेतावर जाणार आहे. बाबांची विहीर कितपत गाळ धरून आहे, ते दोघांनी मिळून पाहायला हवं.