दोष देणं आणि दोष शोधणं

गाडी चालता चालता बंद पडते. धक्का नाही, आवाज नाही, टाकीत पेट्रोल आहे. कडेला घेऊन दोन मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू होते. गॅरेजमध्ये नेली तर दिवसभर एकदाही बंद पडत नाही. हे असं येऊन-जाऊन असणारं दुखणं सगळ्यात छळवादी. आणि ते आलं की लोक यंत्राकडे कमी आणि चालवणाऱ्याकडे जास्त बघायला लागतात.

माझ्या बाबांचं तेच झालं. निवृत्त शिक्षक, वय 64, गाडी पंधरा वर्षं जुनी. तीन महिन्यांत चार वेळा ती रस्त्यात बंद पडली, त्यातली एक वेळ खंबाटकी घाटात, मागे ट्रक असताना. गॅरेजवाल्यांनी फ्युएल फिल्टर बदलला, प्लग बदलले, नवी बॅटरी बसवली. तरी पाचव्यांदा बंद पडली तेव्हा मेकॅनिक म्हणाला, "सर, क्लचवर पाय नीट पडत नसेल. वयाप्रमाणे होतं तसं." मग काका आणि आत्याही 'आता ड्रायव्हर ठेवा' म्हणू लागले. बाबांनी वाद घातला नाही. किल्ली फ्रिजवर ठेवून दिली आणि आईला फिजिओथेरपीला रिक्षाने न्यायला लागले.

दिवाळीत मी पुण्याहून घरी गेलो तेव्हा त्यांना एकच विचारलं, "बाबा, बंद पडली त्या क्षणी समोर काय दिसत होतं?"

"काही नाही. काटे खाली, एकही दिवा नाही. रेडिओ मात्र चालू होता."

हे त्यांनी गॅरेजमध्येही सांगितलं होतं. कुणी लिहून घेतलं नव्हतं.

आता हे बघा. क्लच चुकून इंजिन बंद पडलं, तर किल्ली 'ऑन'वरच असते. त्यामुळे डॅशबोर्डवर बॅटरीचा आणि ऑइलचा लाल दिवा लागतो. बाबांच्या समोर अंधार होता. म्हणजे इंजिन बंद पडलं नव्हतं, इंजिनाचा वीजपुरवठाच तुटला होता. रेडिओ चालू होता, म्हणजे बॅटरी आणि मुख्य फ्यूज ठीक. बॅटरीतून आलेली वीज इग्निशन स्विचमध्ये जाते आणि तिथून वाटली जाते: 'अ‍ॅक्सेसरी'च्या वायरवर रेडिओ, 'इग्निशन'च्या वायरवर इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल पंप, डॅशबोर्ड. एक वायर जिवंत आणि शेजारची मेलेली असेल, तर संशय दोघींच्या मधल्या स्विचवरच जातो. एका वाक्यात बाबांनी अर्धं निदान करून ठेवलं होतं.

उरलेलं अर्धं मल्टीमीटरने करायचं होतं. गावातल्या वायरिंगवाल्या मामांना बोलावलं. त्यांनी स्टीअरिंगखालचं प्लॅस्टिकचं कव्हर उघडलं. (आमच्या गाडीत एअरबॅग नाहीत. तुमच्या गाडीत असतील तर तिथल्या पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका, तो एअरबॅगचा असतो.) मी स्विचमधून बाहेर येणाऱ्या वायरवर मीटर लावला: 12.5 व्होल्ट. अगदी निरोगी. मामा हसले. "असं नाही कळायचं. आधी लोड टाका."

ओहमचा नियम मी कॉलेजात शिकलो होतो, त्याचा अर्थ मामांनी दाखवला. मीटर जवळपास काहीच करंट ओढत नाही. त्यामुळे जळलेल्या कॉन्टॅक्टमधूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. पण त्याच कॉन्टॅक्टमध्ये 0.3 ओहमचा अडथळा असेल आणि त्यातून 10 अँपिअर जायला लागले, तर 3 व्होल्ट तिथेच खर्च होतात. म्हणून मीटरची एक पिन स्विचच्या आत येणाऱ्या वायरवर, दुसरी बाहेर जाणाऱ्या वायरवर लावायची, इंजिन सुरू ठेवायचं आणि दोघींमधला फरक वाचायचा. तो 0.2 व्होल्टच्या आत हवा. आमचा 0.1 होता. मग मामांनी किल्ली न फिरवता नुसती हलवली. 0.1, 0.9, 2.4, आणि इंजिन बंद. डॅशबोर्ड काळा. रेडिओवर गाणं चालूच.

बाबा दारात उभे होते. काही बोलले नाहीत, पण चष्मा काढून पुसला.

किल्लीच्या कुलपामागे असतो तो विजेचा भाग वेगळा मिळतो. जुना उघडला तर आतला पितळी कॉन्टॅक्ट कोळशासारखा काळा.

या सगळ्यात मला जनरल मोटर्सचं प्रकरण आठवत होतं. 2014 मध्ये या अमेरिकन कंपनीने इग्निशन स्विचसाठी जगभरातून सुमारे 26 लाख गाड्या परत बोलावल्या. तिथे कॉन्टॅक्ट जळत नव्हता. स्विच इतका सैल होता की गुडघा लागला किंवा किल्लीला जड जुडगा असला तरी किल्ली 'ऑन'वरून 'अ‍ॅक्सेसरी'वर घसरायची. इंजिन बंद, स्टीअरिंग जड, आणि धडक झाली तर एअरबॅगही उघडायची नाही. कंपनीच्या भरपाई निधीने 124 मृत्यू मान्य केले. चालती गाडी बंद पडणं ही कंपनीत बरीच वर्षं 'ग्राहकाची गैरसोय' मानली गेली होती, सुरक्षेचा प्रश्न नाही. 2006 मध्ये आतली दट्ट्या 1.6 मिलिमीटरने लांब करून स्विच सुधारला गेला, पण पार्ट नंबर तोच ठेवला. त्यामुळे कागदावर जुना आणि नवा स्विच एकच. व्हर्जन नंबर न वाढवता कोड बदलला तर पुढच्या माणसाचं काय होतं, हे माझ्या धंद्यातल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

त्यातली एक गोष्ट मला सोडत नाही. 2004 मध्ये टेक्सासमध्ये एका 21 वर्षांच्या मुलीची गाडी रस्ता सोडून झाडावर आदळली. शेजारी बसलेला तिचा होणारा नवरा गेला. ब्रेक मारल्याच्या खुणा नव्हत्या, तिच्या रक्तात चिंतेवरच्या औषधाचा अंश सापडला. दोष तिचाच ठरला. 2007 मध्ये तिने निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा कबूल केला. तिला स्वतःलाही वाटत होतं की आपल्याच हातून झालं. न्यायालयाने तिच्यावरचा तो ठपका पुसला 2014 च्या नोव्हेंबरमध्ये, दहा वर्षांनी.

मराठीत यंत्रात असतो तोही दोष आणि माणसाला देतात तोही दोष. पहिला सापडला नाही की आपण दुसरा देऊन मोकळे होतो. ऑफिसात आम्ही तिकिटावर 'रिप्रोड्यूस होत नाही' किंवा 'युजर एरर' लिहून ते बंद करतो, तेव्हा पलीकडे एक माणूस असतो, ज्याने बरोबर तेच पाहिलेलं असतं जे घडलं. हल्ली असं तिकीट आलं की मी लॉग उघडण्याआधी त्या माणसाला फोन करतो आणि विचारतो: त्या वेळी काय बंद होतं ते सांगा, आणि काय चालू होतं तेही.