सुम्म

मराठी माणसाला संमेलनांची हौस किती, हे मराठीबाहेरच्या मित्रांना सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. अखिल भारतीय साहित्य संमेलन त्यांना ऐकून माहीत असतं. २०२५ च्या फेब्रुवारीत ते दिल्लीत भरलं, तेव्हा बंगळुरातल्या माझ्या एका कन्नड मैत्रिणीनंही त्याच्या बातम्या पाहिल्या होत्या. पण त्या मोठ्या संमेलनाच्या पलीकडे दलित साहित्य संमेलन आहे, विद्रोही आहे, ग्रामीण आहे, झाडीबोलीचं आहे, अहिराणीचं आहे, हे सांगितल्यावर ती हसायला लागते. आणि काही संमेलनं एकेका गावाची असतात, हे सांगितलं की विचारते, "त्या गावात लेखक किती?"

बहुधा एकही नसतो. हेच तर त्या संमेलनांचं वैशिष्ट्य.

बेळगावच्या आसपास अशी गावं आहेत. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, कुद्रेमनी. भाताची सुगी आटोपली की साधारण डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत एकेका रविवारी एकेका गावात मांडव पडतो. सकाळी ग्रंथदिंडी निघते. पालखीत ज्ञानेश्वरी आणि गाथा, पुढे लेझीम, मागे टाळ-मृदंग, दारोदारी रांगोळ्या. मग उद्घाटन, अध्यक्षांचं भाषण, व्याख्यान, कथाकथन, दुपारी सगळ्या गावाचं जेवण, कविसंमेलन आणि संध्याकाळी भारूड किंवा शाहिरी. तिकीट नाही, प्रायोजकांच्या कमानी नाहीत. पावती पुस्तकं घेऊन घरोघर फिरून पैसे जमवलेले असतात. कुणी तांदळाचं पोतं देतं, कुणी मांडवाचे बांबू, कुणी पाहुण्यांना आणायला गाडी. हे सगळं नियमानं करणारं गाव शेतकऱ्यांचं असतं. भात, रताळी, मसूर पिकवणाऱ्यांचं.

हा सीमाभाग आहे. १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेत बेळगाव त्या वेळच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. तिथल्या मराठी भाषकांनी ते मान्य केलं नाही. महाजन आयोग झाला, मोर्चे झाले, गोळीबार झाले. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला आणि तो दावा अजून तिथेच आहे. १ नोव्हेंबरला राज्यभर कन्नड राज्योत्सव असतो आणि त्याच दिवशी इथले मराठी लोक काळा दिन पाळतात. त्यामुळे इथल्या साहित्य संमेलनात साहित्याबरोबर आणखीही काही असतं. ते पूर्वीपासून आहे. १९४६ मध्ये बेळगावलाच ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला होता. ठराव मांडायचा, सूचक-अनुमोदक सांगायचे, टाळ्या घ्यायच्या, ही रीत गावागावांतल्या या मांडवांत आजही चालू आहे.

मी मूळची कोल्हापूरची. गेली वीसेक वर्षं बंगळुरात राहते आणि कन्नडमधून मराठीत अनुवाद करते. अशाच एका गावातून फोन आला. संमेलनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, हायस्कूलच्या मुलांसाठी कवितालेखनाची कार्यशाळा घ्याल का, म्हणून. निवडक मुलांना रविवारच्या कविसंमेलनात सुरुवातीला वाचायला मिळणार होतं. मी होकार दिला. गावाचं नाव इथे लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांना ते ओळखता येऊ नये, एवढंच कारण.

शाळेच्या सभागृहात चाळीसेक मुलंमुली जमली होती. मराठी माध्यमाची शाळा. मुलं घरी मराठी बोलणारी, शाळेत मराठीबरोबर कन्नड आणि इंग्रजी शिकणारी, आणि टीव्हीमुळे हिंदीही जाणणारी. कविता म्हटल्यावर त्यांनी जे आधी लिहिलं ते सगळीकडची मुलं लिहितात तेच होतं. आई, पाऊस, झाडे लावा, शिवाजी महाराज. मग मी त्यांना म्हटलं, तुमच्या घरात रोज बोलले जातात पण पुस्तकात कधी छापलेले दिसत नाहीत, असे दहा शब्द लिहा.

खोली एकदम जागी झाली. मुलं एकमेकांच्या वहीत डोकावायला लागली. शेताचे शब्द आले, म्हशीच्या आजारांचे आले, शिव्याही आल्या. गोंगाटाला 'गद्दल' आलं. आणि चार-पाच जणांच्या वहीत एक शब्द होता, 'सुम्म'.

कन्नड वाचकांना तो सांगायला नको. 'सुम्मने' म्हणजे उगीच, आणि 'सुम्म' म्हणजे गप्पही. उत्तर कर्नाटकात पोराला गप्प बसवायला हाच शब्द वापरतात, आणि सीमाभागातली मराठी आईही सहज म्हणून जाते, "सुम्म बस की जरा."

आठवीतल्या एका मुलीनं त्यावर कविता केली. आठ-दहा ओळींची, यमकाशिवाय. तिची आज्जी लग्न होऊन कानडी गावातून इथे आलेली. ती म्हशीशी कानडीत बोलते आणि नातवंडांशी मराठीत. भाकरी मोजते कानडीत, वाढते मराठीत. आणि १ नोव्हेंबरला ती कुणाशीच बोलत नाही, चुलीपुढे सुम्म बसते.

ती वाचून थांबली. मला लगेच काही बोलता आलं नाही. इतकी वर्षं दोन भाषांच्या मध्ये बसून मी काम करते. त्या मधल्या जागेत असा एक दिवस असतो, हे मी कुठे वाचलं नव्हतं.

कार्यशाळेला त्यांचे मराठीचे सर मागे बसले होते. त्यांनी वही मागून घेतली, दोनदा वाचली आणि खिशातलं पेन काढून म्हणाले, "चांगली आहे. एवढं 'सुम्म' काढ. 'शांत' लिही."

मुलगी म्हणाली, "शांत न्हवं सर. देवळात बसल्यावर शांत वाटतंय. आज्जी तशी बसत नाही."

"मग 'गप्प' लिही."

ती काही बोलली नाही. पण तिनं ते लिहिलंही नाही.

चहाच्या वेळी मी सरांना म्हटलं, सर, शब्द राहू द्या की. त्यांनी कप खाली ठेवला. ते चिडले नव्हते. हिशेब सांगावा तसं त्यांनी सांगितलं. तीस वर्षं ते इथे मराठी शिकवत होते. पूर्वी एका वर्गाच्या दोन तुकड्या होत्या, आता एक तुकडी भरायची मारामार. ज्याला परवडतं तो मुलांना इंग्रजी शाळेत घालतो. "इथून पोरं पुण्या-मुंबईला जातात, मॅडम. तोंड उघडलं की तिकडचे लोक विचारतात, कानडी काय रे तू? इथे आम्ही मराठी म्हणून भोगायचं आणि तिकडे गेल्यावर कानडी ठरायचं. म्हणून मी शब्द घासूनपुसून देतो. माझ्या पोरांच्या मराठीला कुणी हसू नये." मग थोडं थांबून म्हणाले, "तिची एक नोव्हेंबरची ओळ मी काढली नाही. ती खरी आहे. शब्द तेवढा बदला म्हणालो."

शुद्धलेखनाचा हट्ट धरणाऱ्यांशी वाद कसा घालायचा, ते मला ठाऊक आहे. तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का हे शब्द कुठून आले ते सांगायचं. ज्ञानदेवांनी विठ्ठलालाच कानडा म्हटलं, याची आठवण करून द्यायची. प्रकाश नारायण संतांचा लंपन तर याच मुलखातला. त्याच्या तोंडच्या मराठीत कानडी शब्द आणि कानडी वळण आहे म्हणूनच महाराष्ट्रानं त्याच्यावर जीव लावला. घरी मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे धारवाडात कन्नडचे महाकवी झाले आणि मराठीतही 'संवाद' लिहून गेले. जी. ए. कुलकर्णी बेळगावात शिकले आणि धारवाडात राहून मराठी कथा लिहीत राहिले. हे सगळं माझ्या जिभेवर होतं.

पण सरांना हे सगळं माहीत होतं. लंपनचा एक उतारा त्यांनी वर्गात वाचूनही दाखवला होता. त्यांचा मुद्दा वेगळा होता. लंपन हा मोठ्या लेखकाचा मुलगा आहे. त्याच्या बोलण्याला लोक गोडवा म्हणतात. तेच बोलणं त्यांच्या शाळेतल्या मुलीनं मुलाखतीत केलं तर तिला गावंढळ म्हणतील. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मराठीतल्या संमेलनांइतकाच हा प्रश्न जुना आहे. १८७८ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली पहिली ग्रंथकार सभा भरली आणि १८८५ च्या सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून नाकारलं. तुमच्या सभेत आमच्या लोकांचं काय, असा त्या पत्राचा रोख होता. कुणाची भाषा ही भाषा आणि कुणाची भाषा ही नुसती बोली, हे कुणी ठरवायचं, हा वाद तिथून चालत आला आहे. मी फक्त एवढंच म्हटलं, "सर, उद्या काय वाचायचं ते तिला ठरवू द्या." ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

रविवारी मांडव भरला होता. पुढे सतरंजीवर मुलं, मग खुर्च्या आणि सगळ्यात मागे बायका. त्यांतल्या अर्ध्याअधिक स्वयंपाकाच्या मांडवातून हात पुसत आलेल्या. अध्यक्षांचं भाषण लांबलं. कथाकथनाला मात्र लोक पुढे सरकले. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगाव फिरून लावलेली ती गोडी या भागात अजून टिकून आहे. गोष्ट रंगली की मागून बायका न राहवून पुढचं वाक्य आधीच बोलून टाकतात. शहरातल्या महोत्सवांत मी कवी-लेखकांना ऐकणारे श्रोते पाहिले आहेत, सही घ्यायला रांग लावणारेही पाहिले आहेत. ऐकता ऐकता बोलणारे श्रोते फक्त इथे पाहिले.

जेवणानंतर कविसंमेलन सुरू झालं. आधी सहा मुलं. ती मुलगी चौथी होती. सर व्यासपीठाच्या पायरीपाशी हातात यादी घेऊन उभे होते. तिनं माईक खाली ओढला आणि भराभर वाचत सुटली, जशी मुलं वाचतात. म्हशीच्या ओळीला हशा आला. भाकरीच्या ओळीला मागून "व्हय की" आलं. शेवटच्या ओळीपाशी तिनं सरांकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि म्हणाली, "सुम्म बसते."

टाळ्या लगेच आल्या नाहीत. मागच्या बायकांतून कुणीतरी तो शब्द परत उच्चारला, कीर्तनात बुवांचा शेवटचा शब्द उचलावा तसा. मग आणखी एकीनं. त्या मांडवात माहेरी कानडी बोलणाऱ्या किती जणी असतील, हे मी मोजलं नाही. मोजायची ती वेळही नव्हती. मग टाळ्या झाल्या आणि सरांनी पाचव्या मुलाचं नाव पुकारलं.

संध्याकाळी ठराव झाले. सीमाप्रश्न लवकर सुटावा, मराठी शाळांना संरक्षण मिळावं, सरकारी कागदपत्रं मराठीतून मिळावीत. हात वर झाले, टाळ्या पडल्या. त्यांतली एकही मागणी मला चूक वाटली नाही. आपल्या भाषेतला कागद मागणं हा साधा हक्क आहे, आणि तो मागायला दर वर्षी मांडव घालावा लागतो, यात मांडव घालणाऱ्यांचा दोष नाही. पण ठराव एका भाषेच्या बाजूनं हात वर करायला सांगतो. त्या आज्जीनं कुठला हात वर करायचा, हे ठरावात लिहिता येत नाही. ते कवितेत लिहिता येतं, आणि आठवीतल्या मुलीला लिहिता येतं, हे त्या दिवशी तिथल्या प्रत्येकानं ऐकलं. एवढ्यासाठीसुद्धा गावात संमेलन भरलं पाहिजे, असं मला वाटतं.

पुढच्या वर्षी सरांनी संमेलनाची स्मरणिका पोस्टानं पाठवली. ग्रामपंचायतीच्या शुभेच्छा, दूध संस्थेची जाहिरात, देणगीदारांची यादी, आणि त्यांच्यामध्ये एका पानावर ती कविता. शब्द होता तसाच होता. त्याच्यावर एक फुली होती आणि पानाच्या तळाला बारीक अक्षरात सरांची टीप : सुम्म – सीमाभागातील मराठी शब्द; अर्थ, मनात असूनही न बोलणे.

हा अर्थ मला कुठल्या कोशात मिळाला नाही. तो सरांनी त्या कवितेतूनच काढला असणार. ती टीप मी माझ्या कन्नड मैत्रिणीला वाचून दाखवली. अर्थ ऐकून ती खूश झाली. मग म्हणाली, "पण मराठी शब्द? हा आमचा की गं." मी तिला म्हटलं, खरं आहे तुझं. सरांनी त्याला घरात घेतलं, पण माहेरचं नाव लावलं नाही. लग्न होऊन आलेल्या बाईला आपल्याकडे असंच घेतात. त्या आज्जीलाही असंच घेतलं असेल.