रात्रपाळीतून वस्तीत

मँचेस्टरच्या अँकोट्स भागातल्या लाल विटांच्या जुन्या गिरण्यांचे आता महागडे फ्लॅट झाले आहेत. खाली कॅफे, शेजारी कालवा, काठाने कुत्री फिरवणारी तरुण जोडपी. यवतमाळहून पुण्याला आणि पुण्याहून इथे आलेला सॉफ्टवेअरवाला अशाच एखाद्या फ्लॅटचं भाडं भरतो आणि गिरणीच्या भिंतीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकतो. या भागाशी त्याच्या जिल्ह्याचं जुनं नातं आहे, हे मात्र त्याला शाळेत कुणी सांगितलेलं नसतं. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरणीमालकांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या हाती आलेला हा काळ्या मातीचा मुलूख. हिंदुस्थानातून येणाऱ्या झाडून सगळ्या कापसाला लँकेशायरचे कामगार ‘सुरती’ म्हणत आणि शिव्या घालत. धागा आखूड, कचरा फार, सूत सारखं तुटायचं. कामाच्या मापावर पगार असल्याने सूत तुटलं की मजुरीही तुटायची. पुढे यवतमाळ ते मूर्तिजापूर ‘शकुंतला’ रेल्वे धावू लागली, ती कापूस वाहायला, आणि मालकी ब्रिटिश कंपनीची.

ब्रिटनमध्ये आज ज्या वादाने निवडणुका फिरतात, त्या मुसलमानांच्या स्थलांतराच्या वादाचं एक मूळ याच गिरण्यांत आहे. टीव्हीवरच्या चर्चेत कुराण येतं, बुरखा येतो, शरियत येते. गिरणी सहसा येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर लँकेशायर आणि यॉर्कशायरमधल्या मालकांनी नवी यंत्रं घेतली. ती परवडायची तर चोवीस तास चालायला हवीत. बायकांच्या रात्रीच्या कामावर कायद्याने बंधनं होती, स्थानिक पुरुषांना दुसरीकडे बरी कामं मिळत होती. मग रात्रपाळीला आणली गेली पाकिस्तानी काश्मीरमधल्या मीरपूरची, सिल्हटची, आपल्या शेजारच्या भरूच-सुरतेची माणसं. मीरपूरवाल्यांची कथा यवतमाळच्या माणसाला लगेच कळावी. झेलम नदीवर मंगला धरण झालं, १९६७ मध्ये ते पूर्ण झालं आणि लाखावर माणसं उठवली गेली. इसापूर आणि बेंबळ्याच्या धरणग्रस्तांना गाव पाण्याखाली गेल्यावर काय उरतं ते ठाऊक आहे. मीरपूरच्या कित्येकांना ओल्डहॅम, ब्रॅडफर्डची वाट सापडली.

या रात्रपाळीचा दिनक्रम नीट बघायला हवा. संध्याकाळी शेजारचे गोरे कामगार गिरणीतून घरी परतत, तेव्हा हे डबा घेऊन निघत. सगळी पाळी एकाच भागातली, बोली एकच, इंग्रजी येणारा एखादा मुकादम पुरे. सकाळी परत आले की ज्या खाटेवरून दिवसपाळीचा भाईबंद उठून गेला, तिच्यावरच अंग टाकायचं. पबमध्ये, फुटबॉलच्या मैदानावर, शेजारणीच्या दारात गाठ पडण्याची वेळ झोपेत जायची. सत्तर-ऐंशीच्या दशकांत गिरण्या भराभर बंद पडल्या आणि यातले बरेच जण टॅक्सी चालवू लागले, टेकअवे चालवू लागले. म्हणजे पुन्हा रात्रीचंच काम! वीस-तीस वर्षं माणसांना अंधारात राबवून मग ‘हे आमच्यात मिसळत नाहीत’ म्हणायचं, याला सोयीस्कर विसरभोळेपणाच म्हणावं लागेल.

२००१ च्या उन्हाळ्यात ओल्डहॅम, बर्नली, ब्रॅडफर्ड एकामागून एक दंग्यांनी पेटली. तिन्ही गावं कापडाची, तिन्हींची गिरण्यांची भाकरी गेलेली. टेड कँटल यांच्या समितीने त्या वर्षअखेरीच्या अहवालात दोन समाजांच्या समांतर आयुष्यांचं वर्णन केलं. शाळा वेगळ्या, गल्ल्या वेगळ्या, कामं वेगळी.

इकडे यवतमाळहून काकांचा फोन येतो. ‘‘काय बाप्पा, तिकडं मुसलमानायनं लय धुमाकूळ घातला म्हंते लोकं?’’ काकांना ‘तसं काही नाही’ एवढंच सांगून फोन ठेवणं खोटेपणाचं होईल. मे २०१७ मध्ये मँचेस्टर अरीनातल्या गाण्याच्या कार्यक्रमात बॉम्ब फुटला आणि २२ जण मेले. तो फोडणारा तरुण याच शहरात जन्मलेला, आईबाप लिबियाचे. २ ऑक्टोबर २०२५ ला, यहुद्यांच्या सगळ्यांत पवित्र दिवशी, हीटन पार्कच्या प्रार्थनागृहावर हल्ला झाला. शेजारच्या रॉचडेलमध्ये अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाबद्दल २०१२ मध्ये नऊ जणांना शिक्षा झाली, त्यांतले बहुतेक पाकिस्तानी वंशाचे. आधी सरकारी वकिलांनी गुंडाळलेलं ते प्रकरण पुन्हा उघडून कोर्टात उभं करणारे मुख्य सरकारी वकील नझीर अफझलही पाकिस्तानी वंशाचे मुसलमान. लुईस केसी यांच्या २०२५ च्या अहवालात आढळलं की अशा गुन्ह्यांतल्या दोन तृतीयांश आरोपींच्या वंशाची नोंदच केलेली नव्हती. वंशवादी ठरू या भीतीने अधिकारी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची किंमत आधी त्या मुलींनी मोजली, मग ज्यांचा काही संबंध नव्हता अशा टॅक्सीवाल्यांनी.

युरोपाने मुसलमानांच्या मिसळण्याच्या प्रश्नाला बहुतेक कापडाच्या आणि विटांच्या वाटेने हात घातला. फ्रान्सने २००४ मध्ये सरकारी शाळांत डोक्यावरचा रुमाल बंद केला. स्वित्झर्लंडमध्ये २००९ मध्ये ५७.५ टक्के मतदारांनी नवे मिनार बांधायला बंदी घातली. तेव्हा देशभरात मिनार होते चार. डेन्मार्कने तर नागरिकत्वाच्या समारंभात हस्तांदोलन सक्तीचं केलं. हात मिळवायला लावणं सोपं असतं. त्याच हाताला दिवसपाळीचं काम देणं जरा खर्चिक.

आपली मराठी मंडळी या वादात स्वतःला प्रेक्षकांच्या खुर्चीत बसवतात. ‘आपण शिकलेले, आपण टॅक्स भरतो, आपलं वेगळं.’ जुलै २०२४ मध्ये साउथपोर्टला तीन लहान मुलींचा खून झाला. मारेकरी होडीतून आलेला मुसलमान असल्याची अफवा पसरली. प्रत्यक्षात तो कार्डिफला जन्मलेला निघाला आणि तो मुसलमान नसल्याचंही सांगण्यात आलं. पण त्या अफवेपायी तिथल्या मशिदीवर विटा पडल्या. काही दिवसांनी मिडल्सबरोच्या रस्त्यावर टोळकं गाड्या अडवून आतल्या माणसाला विचारत होतं, ‘तू गोरा आहेस का? इंग्लिश आहेस का?’ त्या प्रश्नात धर्माचा उल्लेखही नव्हता. पुढच्या वर्षी डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले. ज्या देशाचे पंतप्रधान लिओ वराडकर हे मालवण तालुक्यातल्या वराडच्या घराण्यातले होते, तोच हा आयर्लंड.

आणि दिग्रसचा एखादा मुसलमान पोरगा नोकरीसाठी इथे आला तर? मीरपुरी त्याला ‘इंडियन’ म्हणून बाजूला ठेवतील, गणपतीच्या आरतीला आला तर आपल्यातले दोघे-तिघे एकमेकांकडे बघतील. खरं तर कापसाच्या भावावर आणि दिग्रसच्या बसस्टँडवर अस्सल वऱ्हाडीत तासभर बोलेल तो तोच.

वादात फारसं न येणारं एक उदाहरण ओल्डहॅममध्येच आहे. दंग्यांनंतर काही वर्षांनी तिथे काउंटहिल ही जवळपास गोऱ्यांची आणि ब्रीझ हिल ही जवळपास पाकिस्तानी-बांगलादेशींची अशा दोन शाळा मोडून २०१० मध्ये वॉटरहेड अकॅडमी ही एकच शाळा केली. ऑक्सफर्डच्या माइल्स ह्यूस्टन यांच्या गटाने तिथल्या मुलांचा काही वर्षं अभ्यास केला. एकमेकांबद्दलची धास्ती कमी झाली, मैत्र्या झाल्या. जेवणाच्या सुट्टीत मात्र बरीच टेबलं आपापल्या जातभाईंचीच राहिली. दहावी-बारावीत यवतमाळच्या कुठल्याही शाळेच्या पटांगणात डबा खाल्लेल्याला याचं नवल वाटू नये.

अशा कामाला पैसा आणि वेळ लागतो. प्रौढांना इंग्रजी शिकवण्याच्या वर्गांचं सरकारी अनुदान इंग्लंडमध्ये २०१० नंतरच्या काही वर्षांत निम्म्याहून खाली आलं, आणि त्याच काळात ‘यांच्या बायकांना इंग्रजी येत नाही’ ही तक्रार मंत्र्यांच्या भाषणात आली. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेने कायम राहण्याच्या हक्काची वाट पाच वर्षांवरून दहा वर्षांची करायचं ठरवलं, इंग्रजीची अट वाढवली. वाद मीरपूरवाल्यांच्या नातवंडांवरून पेटला असला तरी ती इथेच जन्मलेली, पासपोर्टवाली. त्यांना ही अट लागूच नाही. ती लागू शकते ती यवतमाळच्या सॉफ्टवेअरवाल्यासारख्या बाहेरून आलेल्यांना. मराठी ग्रुपवर सध्या वकिलाची फी आणि मुलांच्या कॉलेजच्या खर्चाची आकडेमोड चालली आहे, आणि अधूनमधून कुणीतरी ‘आपल्याला यातून वगळायला हवं होतं’ असं लिहितो. त्या ओळीखाली अंगठे बरेच पडतात.