आरशांची खाणावळ

मायामीच्या आठव्या रस्त्याला तिथले लोक स्पॅनिशमध्ये ‘काये ओचो’ म्हणतात. १९५९ च्या क्रांतीनंतर देश सोडून आलेली कितीतरी क्यूबन मंडळी याच भागात स्थिरावली. ‘व्हर्साय’ हे त्यांचे उपाहारगृह इथे १९७१ पासून आहे. नाव फ्रेंच राजवाड्याचे, भिंतींना आरसेच आरसे, अन् स्वयंपाक मात्र हवानाचा!

या शहरात आम्ही नवे बिऱ्हाड मांडले, तेव्हा शेजारच्या क्यूबन आजीबाई आम्हां उभयतांना तिथे घेऊन गेल्या. शाकाहाऱ्याने मागवण्यापूर्वी चौकशी करावी हे उत्तम. क्यूबन पद्धतीच्या काळ्या घेवड्यातसुद्धा पुष्कळदा डुकराचे मांस असते. आम्ही भात, पिकल्या केळ्यांचे तळलेले काप आणि युका मागवला. आपला साबुदाणा ज्यापासून होतो तोच हा कंद. उकडून वर लसूण आणि आंबट संत्र्याचा रस घातलेला.

“अहो, लसूण वगळला तर एकादशीला चालेल की हा!” आमची सौ. म्हणाली.

कॉफी मात्र बाहेरच्या खिडकीशी उभ्यानेच प्यायची. साखर घोटून केलेली ‘कोलादा’ मागितली, की एक पेला आणि सोबत चिमुकले कप मिळतात. ती एकट्याने पिण्याची नव्हेच! भोवती म्हातारे राजकारणावर तावातावाने बोलत असतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये फिडेल कॅस्ट्रो वारले, त्या रात्री इथे केवढी गर्दी लोटली होती!

“मी १९६१ साली आले,” कॉफी ओतीत आजीबाई म्हणाल्या, “सहा महिन्यांसाठी. तुम्ही किती दिवसांसाठी आलात?”

“दोन-तीन वर्षे,” मी म्हणालो.

त्यांनी माझा कप पुन्हा भरला.