कैद्याला सोडतात तिथून

"आत्या, एल्डर स्क्रोल्स कुठून सुरू करू? पटकन सांग, उद्या सबमिशन आहे."

भाची पुण्यात इंजिनिअरिंगला आहे आणि तिचे सगळे प्रश्न असेच येतात, रात्री अकराला, घाईत. वरणाला फोडणी आधी द्यायची की नंतर, हेही तिने याच आवाजात विचारलं होतं. फोडणीचं मी एका वाक्यात सांगितलं. हे काही जमेना. तीस वर्षं चाललेली गोष्ट, त्यातले संगणकावरचे पाच मोठे खेळ, मधली पिलावळ वेगळी, आणि त्यातल्या एका खेळात तर मी सहा आठवडे मुक्कामाला होते. "सकाळी सांगते," म्हणाले आणि फोन ठेवला.

झोप मात्र आली नाही. सुरुवातीपासून सुरू कर असं सांगणं सोपं होतं. पण या मालिकेची सुरुवातच चुकीच्या पाटीखाली झालेली आहे. अमेरिकेतल्या मेरीलँडमधल्या बेथेस्डा कंपनीने १९९४ साली पहिला खेळ काढला, त्याचं नाव 'अरीना', म्हणजे आखाडा. मुळात तो आखाड्याचाच खेळ व्हायचा होता. योद्ध्यांची टोळी घ्यायची आणि शहरोशहरीच्या आखाड्यांत झुंजायचं, एवढंच. करता करता बनवणाऱ्यांना आखाड्यांपेक्षा वाटेवरची गावं आणि भुयारं जास्त आवडू लागली, आखाडे गळून पडले, पण तोवर नाव छापून झालं होतं. मग सारवासारव केली, की हे साम्राज्य इतकं मारकुटं आहे की लोक त्यालाच आखाडा म्हणतात! मला ही थाप फार आवडते. आमच्या ओळखीत एकांनी 'हॉटेल' अशी पाटी रंगवून घेतली आणि आत किराणा दुकान घातलं, त्याची आठवण होते.

दुसरा खेळ 'डॅगरफॉल', १९९६ चा. त्याचा मुलूख सुमारे १,६०,००० चौरस किलोमीटरचा सांगतात, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त. अर्थात एवढं माणसाच्या हाताने होत नाही. बहुतेक सगळं संगणकाने सूत्रांवरून मांडलेलं, त्यामुळे हजारो गावं आणि सगळी एकमेकांची मावसभावंडं. त्यातली भुयारं इतकी गुंतागुंतीची की आत गेलेला माणूस खेळ बंद करूनच बाहेर येतो. त्याची मजा पुढेच आहे. गोष्टीला अनेक शेवट होते, ज्याने जो निवडला तो त्याचा. मग पुढच्या खेळासाठी खरा कुठला धरायचा? बेथेस्डाने ठरवलं, सगळेच खरे. काळाची गाठ सुटली आणि सगळं एकाच वेळी घडलं, अशी नोंद पुढच्या खेळांतल्या ग्रंथांत सापडते. एकाच देवाच्या जन्माच्या चार कथा ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटू नये. हे दोन्ही खेळ आता फुकट मिळतात. पण त्यांच्यापासून सुरू करा असं मी कुणाला सांगणार नाही. आजोबांची गाठ लग्न ठरल्यावर घालून देतात, स्थळ बघायला आलेल्याशी नाही.

तर, माझे सहा आठवडे.

२००४ च्या जुलैमध्ये साताऱ्याला आमच्या घराच्या शेवाळलेल्या पायरीवरून मी घसरले. उजवा पाय प्लास्टरमध्ये, सहा आठवडे. घर माडीचं, माझी खोली वर, आणि जिना असा की धडधाकट माणसानेही देवाचं नाव घेऊन उतरावा. पहिल्या आठवड्यात वाचायचं सगळं वाचून झालं. दादाला दया आली असावी. त्याने त्याचा संगणक उचलून वर आणून दिला आणि कागदी पाकिटातली एक सीडी. तिच्यावर निळ्या मार्करने 'मोरोविंड' लिहिलेलं होतं. सीडी चोरीचीच होती, आता लपवून काय करायचं? खऱ्या डब्यात खेळाबरोबर छापील नकाशा यायचा हे मला फार नंतर कळलं. चोरीच्या मालात नकाशा नव्हता. मी तो दिनदर्शिकेच्या जुन्या पानांमागे पेन्सिलीने काढला.

मोरोविंड २००२ चा, मालिकेतला तिसरा. पडदा उघडतो तो एका गलबताच्या पोटात. तू कैदी. गुन्हा काय, कुणी पकडलं, कुठून आलीस, काही सांगत नाहीत. अंगावर वळ उठलेला, एक डोळा गेलेला दुसरा कैदी तुला जागं करतो आणि नाव विचारतो. त्याचं नाव जूब. तू नाव लिहितेस. पहारेकरी येऊन तुला वर नेतो, जूब खालीच राहतो. पुढे किनाऱ्यावरच्या कचेरीत म्हातारा कारकून तुझी जात, धंदा, जन्मराशी नोंदवून घेतो, कागद हातात देतो, आणि दार उघडतं. बस. बाहेर दलदल, पावसाची भुरभुर आणि सेयडा नीन नावाचं फाटकं बंदर. बालमोरा गावातल्या अमक्याला हे पुडकं नेऊन दे, एवढीच आज्ञा. बालमोरा कुठे? विचारत जा.

आणि खरोखर विचारतच जायचं असतं. हल्लीच्या खेळांत दाखवतात तसा बाण नाही, चमकणारा ठिपका नाही. माणसं तोंडी वाट सांगतात. पुलापलीकडे जा, नदी उजव्या हाताला ठेव, जुन्या देवळाकडे वळू नकोस. निम्म्या वेळा चुकीची सांगतात. रस्त्याच्या फाट्यांवर लाकडी पाट्या आहेत, त्या थांबून वाचाव्या लागतात. ज्यांना हे कटकटीचं वाटतं त्यांचं बरोबरच आहे, हे कटकटीचंच आहे. पण मला खिडकीतून फक्त पत्रे आणि पाऊस दिसत होता. मला हवंच होतं कुणीतरी, 'असं सरळ जा, मग डावीकडे' म्हणणारं.

पायी जायचं नसेल तर सिल्ट स्ट्रायडर. तो टोलेजंग किडा, गावाच्या कडेला लांबलचक पायांवर उभा. त्याची पाठ पोखरून बसायला जागा केलेली असते, आणि हाकणारा आत बसून त्याच्या उघड्या नसा दाबून त्याला चालवतो. त्याचे मार्ग ठरलेले. सेयडा नीनहून बालमोरा मिळेल, विवेक मिळेल, सुरान मिळेल; इतर बऱ्याच ठिकाणी जायचं तर गाडी बदला. एसटीवर वाढलेल्या माणसाला यातलं काही शिकवावं लागत नाही. तो किडा मधूनमधून हंबरतो. लांबून, धुक्यातून तो आवाज यायचा, इतका केविलवाणा की आई खालून विचारायची, वर काय रडतंय?

गावाबाहेर थोडं गेलं की आकाशातून किंकाळी येते आणि एक जादूगार धप्पकन समोर पडून मरतो. त्याच्या झोळीत उंच उडीच्या मंत्राच्या तीन गुंडाळ्या असतात, आणि उडी कशी साधली याची त्याची स्वतःची खुशीची टिपणं. उतरायचं कसं, याचा त्याने विचार केलेला नसतो. मी मंत्र वाचला. मीही केला नव्हता.

हे सगळं जिथे घडतं त्या वार्डनफेल बेटाच्या मधोमध लाल पर्वत आहे, ज्वालामुखी. त्याच्याकडून राखेची वादळं येतात तेव्हा गावकरी हात आडवा धरून डोळे झाकून चालतात. पूर्वेला जादूगारांची वस्ती, ती जिवंत छत्र्यांच्या आत, म्हणजे पावसाळ्यात उगवतात त्या कुत्र्याच्या छत्र्या, फक्त वाड्याएवढ्या. त्यांत जिनेच नाहीत. ज्याला हवेत तरंगता येत नाही त्याचं वर काम काय, असा जादूगारांचा हिशोब. माडीवर अडकलेल्या मला हा अपमान भलताच झोंबला. तरंगण्याचा मंत्र मिळवून मी पहिल्यांदा वर गेले त्या रात्री प्लास्टरच्या आतून पाय खाजत होता, आणि कितीतरी वेळ माझ्या ते लक्षातही आलं नाही.

सकाळी मी भाचीला सांगितलं, मोरोविंड. दोन सूचनाही दिल्या. धावत जाऊन तलवार चालवू नकोस, दम लागलेला असला की वार हुकतो. तलवार समोरच्याला लागलेली डोळ्यांना दिसली तरी खेळ आतल्या आत फासे टाकत असतो. आणि वाट चुकलीस तर खेळ बंद करू नकोस.

दोन तासांत मेसेज. "आत्या, एका खेकड्याने मारलं मला. वीस वार केले, एक नाही लागला. आणि किती हळू चालतात गं!" पुढचा मेसेज दुसऱ्या दिवशी. तिने मैत्रिणीकडून स्कायरिम घेतला होता.

मला वाईट वाटलं, खोटं का सांगू. स्कायरिम हा मला नेहमी शहाण्या सुनेसारखा वाटत आला आहे, कुठे काही चुकत नाही आणि म्हणून आठवतही नाही. ११ नोव्हेंबर २०११ ला तो आला, आणि त्याच्या सहा कोटींहून जास्त प्रती खपल्याचं खेळाचे दिग्दर्शक टॉड हॉवर्ड यांनी २०२३ मध्ये सांगितलं. त्यामुळे माझ्या मताला कोण विचारतं! सुरुवात मात्र त्याची झकास आहे. तिथेही तू कैदीच, हात बांधून गाडीतून वधस्तंभाकडे नेतात. यादी वाचणारा शिपाई तुझ्यापाशी अडखळतो, कारण तुझं नाव यादीत नाही. तो विचारतो, तू कोण? अधिकारी म्हणते, यादी राहू दे, ओंडक्याशी घ्या. मान ठेवलेली असताना ड्रॅगन येतो. त्याआधीचा ऑब्लिव्हियन, २००६ चा, तोही कोठडीत उघडतो. फक्त तिथे तुझ्या कोठडीच्या भिंतीत बादशहाची चोरवाट असते, आणि बादशहाचा आवाज पॅट्रिक स्टुअर्ट यांचा. २०२५ मध्ये तो नव्याने रंगवून काढला आहे, बघायला देखणा. २०१४ पासूनचा ऑनलाइन खेळ मी खेळलेले नाही. अनोळखी माणसांच्या गर्दीत सोंग घ्यायची मला लाज वाटते.

तर पाचांतल्या चारांत कैदी, आणि डॅगरफॉलमध्ये वादळात फुटलेल्या जहाजातून वाचलेला माणूस. मागचं काही बरोबर आणू देत नाहीत. आधीचे खेळ खेळलात का असं कुणी विचारत नाही. नाव विचारतात, ते तुम्ही सांगाल ते. नवख्याची एवढी सोय मी दुसऱ्या कुठल्या मालिकेत पाहिली नाही.

दिवाळीच्या सुमारास भाचीचा पुन्हा रात्रीचा फोन. या वेळी घाई नव्हती.

"आत्या, विंडहेल्म म्हणून एक शहर आहे. त्यात एक घाणेरडी गल्ली आहे, तिथे निळसर काळ्या कातडीचे लोक राहतात. गावातले त्यांना शिव्या देतात. ते म्हणतात आमच्याकडे ज्वालामुखी फुटला म्हणून इकडे आलो. तिकडे काय होतं गं?"

मी पलंगावर बसले. स्कायरिमची गोष्ट मोरोविंडनंतर दोनशे वर्षांनी घडते. मधल्या काळात लाल पर्वत फुटला आहे. विवेक शहर, जिथे पुलावर उभं राहून मी कालव्यातलं पाणी बघत बसायचे, ते डोक्यावर टांगलेली शिळा कोसळून गेलं आहे. हे मला माहीत होतं, स्कायरिममध्येच वाचलं होतं. पण विचारणारं कुणी नव्हतं. तिला ती माणसं आधी भेटली, घरं नंतर ऐकायला मिळाली. मी आधी घरांत राहून आले. त्यांच्या तांबूस मातीच्या भिंती, दारातले कागदी कंदील, बालमोऱ्याच्या मधून वाहणारी नदी, असं काय काय मी सांगत सुटले. सांगता सांगता लक्षात आलं की आजी गाव धरणाखाली गेलेल्या तिच्या मैत्रिणीविषयी सांगायची, तसाच माझा आवाज लागला आहे. एका सीडीसाठी. तीही चोरीची.

"आणि तो एक जूब भेटला," भाची म्हणाली. "मेलेल्यांच्या राज्यात. भुताला पुस्तक लिहायचंय आणि त्याची दहा पानं हरवलीत. मोठा संत आहे म्हणे, उडणारे राक्षस हाकलले त्याने त्याच्या देशातून. क्लिफ रेसर की काहीतरी."

क्लिफ रेसर! बेटावर दर दहा पावलांना वरून झडप घालणारी ती चामडी पाखरं. मोरोविंड खेळलेल्या प्रत्येकाने त्यांना शिव्या मोजल्या आहेत. बनवणाऱ्यांनाही त्या ऐकू गेल्या असणार, कारण त्यांनी आधी ऑब्लिव्हियनमधल्या ऐकीव बातम्यांत आणि मग स्कायरिमच्या 'डॉनगार्ड' या २०१२ च्या पुरवणीत त्या पाखरांचा नायनाट कुणाच्या तरी खात्यावर लिहिला, आणि तो कुणाच्या, तर गलबताच्या पोटात राहून गेलेल्या त्या एकाक्ष कैद्याच्या.

"तो मला भेटलाय," मी म्हणाले. "जिवंतपणी. सगळ्यात आधी तोच भेटतो. तू त्याच्याशी बोलली आहेस. खेकड्याच्या आधी."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही.

"तो जहाजातला? तो हा?"

"तोच."

परीक्षा संपल्यावर तिने मोरोविंड पुन्हा घातला. या वेळी मी काही सूचना केल्या नाहीत, फक्त जुन्या दिनदर्शिकेची ती पानं फोटो काढून पाठवली. पेन्सिल पुसट झाली आहे आणि उत्तरेकडचा किनारा साफ चुकला आहे, पण बालमोऱ्यापर्यंत पुरतात.

काल रात्री मेसेज होता. कचेरीमागच्या पिंपात अंगठी सापडलीये, बाहेर फारगोथ म्हणून एक बुटका तीच शोधतोय, देऊ की ठेवू? मी कळवलं, दे. त्याचं मन राखलंस तर गावातला दुकानदारही तुझ्याशी नीट वागतो.

मी तेव्हा दिली नव्हती.