पुढच्या वर्षीचा संघ

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात भाच्याने व्हॉट्सॲपवर एक परिच्छेद पाठवला. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी फुटबॉल संघाचा अहवाल त्याने लिहिला होता. खाली निरोप : 'आत्या, जरा मराठी बघ की.' अहवाल सहा ओळींचा. पहिल्या पाच ओळींत प्राचार्यांचे, क्रीडाशिक्षकांचे आणि संस्थेचे आभार. सहावी ओळ अशी : 'यंदा विभागीय स्पर्धेत पहिल्याच सामन्यात पराभव पत्करावा लागला असला, तरी पुढील वर्षी आमचा संघ नक्कीच चांगली कामगिरी करेल.'

मी बंगालीतून मराठीत भाषांतरं करते. वाक्यातला एखादा शब्द काही सांगतो आहे की नुसता भरीला आला आहे, हे तपासायची खोड या धंद्यात लागतेच. 'नक्कीच'पाशी मी अडले. त्याला फोन केला. "नक्कीच कशावरून?"

"तसं लिहायचंच असतंय, आत्या. मागच्या अंकातबी तेच हाय."

मी मागचे अंक बघायला मागितले. त्याने तीन वर्षांच्या अहवालांचे फोटो पाठवले. तिन्ही वर्षी संघ लवकर बाहेर पडला होता आणि तिन्ही वर्षी पुढील वर्ष नक्की होतं.

कोल्हापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला कुस्ती, तांबडा-पांढरा रस्सा आणि चप्पल आठवते. पण या गावाचं खरं वेड फुटबॉल आहे, हे सांगितल्यावर माझे बंगाली मित्र अजूनही हसतात. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही इथल्या संघांची नावं. 'तालीम' म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. त्याच्याभोवती जमणाऱ्या पोरांनी पुढे फुटबॉलही आपलासा केला. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो. छत्रपती शाहू स्टेडियम भरतं आणि दीड-दोन तास सगळ्या पेठेची इज्जत टांगणीला लागते. 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. आमच्या गल्लीत ज्यांनी कधी चेंडूला पाय लावला नाही, तेही त्या दिवसांत ऑफसाइड म्हणजे काय ते एकमेकांना समजावत होते.

आणि याच गावात कॉलेजचा सामना बघायला वीस माणसंही नसतात. राखीव खेळाडू, एक सर, तास बुडवून आलेली चार पोरं. तालमीकडून खेळताना ज्याच्या नावाने हजारो लोक ओरडतात, तोच मुलगा कॉलेजकडून खेळताना मैदानाबाहेर गेलेला चेंडू स्वतःच धावत जाऊन आणतो. माणूस पेठेत जन्मतो आणि मरेपर्यंत त्या पेठेचा राहतो. कॉलेजात तो जून-जुलैमध्ये प्रवेश घेतो आणि तीन वर्षांनी दाखला घेऊन निघून जातो. त्यामुळे कॉलेजच्या संघाला आठवण नसते. दरवर्षी एक तृतीयांश संघ पुसला जातो आणि तिथे नवीन नावं लिहिली जातात. अशा संघाबद्दल 'पुढच्या वर्षी' म्हणजे नेमकं कोणाबद्दल बोलायचं?

हा शब्द मला पूर्वीही एकदा छळून गेला होता. पंचवीस वर्षांपूर्वी मी जादवपूरला तौलनिक साहित्यात एम.ए. करायला गेले. बुद्धदेव बसूंनी 1956 मध्ये सुरू केलेला तो विभाग. वसतिगृहात मात्र साहित्यापेक्षा फुटबॉलवर जास्त भांडणं होत. ईस्ट बंगाल जिंकलं की इलिश, मोहन बागान जिंकलं की चिंगडी, अशी जेवणाचीही वाटणी होती. तिथला फुटबॉल पावसाळ्यातला. मैदानात घोटाभर चिखल, आणि कोल्हापूरच्या धुळीत वाढलेली मी ते बघून चकित होत असे.

पहिल्याच वर्षी दशमीच्या रात्री मैत्रिणींबरोबर घाटावर गेले. प्रतिमा पाण्याकडे निघाली तसा एक जण ओरडला, 'आश्छे बछर!' आणि सगळा घाट उत्तरला, 'आबार होबे!' मी शेजारणीला अर्थ विचारला नाही. मला वाटलं, हे तर आपलंच. गणपती पंचगंगेवर नेताना आपण म्हणतो तेच. पुढे कितीतरी वर्षांनी एका बंगाली कथेचं भाषांतर करताना ही आरोळी समोर आली. मी सरळ 'पुढच्या वर्षी लवकर या' लिहून टाकलं आणि पुढे गेले. रात्री झोप येईना. बंगाली माणूस म्हणतो, येत्या वर्षी पुन्हा होईल. ते विधान आहे. ऋतू फिरेल तशी पूजाही फिरून येणार, त्यात कोणाला काही सांगायचं नाही. मराठी माणूस विधान करत नाही. तो विनंती करतो, आणि त्या विनंतीत 'लवकर' असा एक व्यवहारी शब्द घालतो. सकाळी उठून मी ते वाक्य बदललं.

भाच्याचा अहवाल बंगाली पद्धतीचा होता. पुन्हा होईल, नक्की होईल. ते खरं आहे का, हे बघायला मी मे महिन्यात तीन-चारदा त्यांच्या मैदानावर गेले.

वहीत हिशेब मांडला. संघात अठरा जण. त्यातले सात तिसऱ्या वर्षाचे, म्हणजे गेले. त्या सातांत बचावफळीतले तिघे आणि गोलकीपर. मधली फळी टिकणार होती, त्यात भाचा एक. पुढे एक पहिल्या वर्षाचा मुलगा होता, अंगाने काटकुळा, पण चेंडू त्याच्या पायाला चिकटून राहायचा. यंदाचा सामना 1–4 असा गेला होता. मी विचारलं, चार गोल कधी झाले? कोणालाच सांगता येईना. शेवटी गोलकीपरने सांगितलं, कारण ते त्याच्यावर झाले होते. मध्यंतराला 1–1 होतं. उरलेले तीन शेवटच्या वीस मिनिटांत.

"पाय चालंना झालेते सगळ्यांचे," तो म्हणाला. "सराव किती? नऊ दिवस."

नऊ दिवसांचं कारणही त्याने सांगितलं, आणि ते ऐकताना माझी भरपूर करमणूक झाली. प्रवेशाच्या याद्या लांबतात, म्हणून पहिल्या वर्षाची पोरं ऑगस्टपर्यंत कॉलेजात धड नसतात. मग पात्रतेचे अर्ज, फोटो, शिक्के. मैदानावर क्रिकेटवाले आणि एनसीसी. मग अंतर्गत परीक्षा. हे सगळं सरून संघ जमेपर्यंत शिवाजी विद्यापीठाच्या विभागीय सामन्यांची तारीख दारात उभी असते. कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांतली कॉलेजं या विद्यापीठात येतात. विभागात टिकलं तर आंतरविभागीय, तिथून निवड झाली तर विद्यापीठाचा संघ आणि पश्चिम विभागाच्या स्पर्धा. आमचा संघ या शिडीच्या पहिल्या पायरीवरून तीन वर्षं घसरत होता, आणि कारण कौशल्याचं नव्हतं. ही पोरं तालमीच्या संघांत उत्तम खेळत होती. अकरा जण एकत्र खेळायला शिकायच्या आत सामना संपत होता.

गोलकीपर उंच, शांत मुलगा. संघाला ओरडून जागेवर ठेवणारा तोच एक. क्रीडाशिक्षकांनी त्याला सुचवलं होतं : एम.ए.ला नाव घाल, फीचं बघू, वयाच्या अटीत अजून बसतोस, वर्ष-दोन वर्षं खेळशील. दुसरीकडे शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत त्याला काम मिळत होतं. सहा महिने तात्पुरतं, मग कायम करू असं आश्वासन. जूनच्या पहिल्या तारखेला हजर व्हायचं होतं.

मैदानाच्या कडेला बसून बूट सोडताना त्याने मला विचारलं, "आत्या, तुम्ही एम.ए. केलंय न्हवं? काय करत्यात त्यात?"

मला कबूल केलं पाहिजे, त्या क्षणी मी मनात गोल मोजले. हा राहिला तर पुढच्या वर्षीचे दोन गोल वाचतात. बचावफळी नवी असली तरी मागून कोणी बोलणारा असेल. भाच्याच्या अहवालातलं 'नक्कीच' जरा तरी खरं होईल. मी एका वाक्याच्या बदल्यात या मुलाचं वर्ष तोलत होते, आणि तेही माझं नसलेल्या वाक्याच्या.

मी म्हटलं, "पुस्तकं वाचतात. दोन वर्षं, भरपूर. तुला आवडतं का वाचायला?"

तो हसला. "खोटं कशाला सांगू? न्हाई."

"मग कामावर हजर हो."

तो लगेच काही बोलला नाही. हातमोजे पिशवीत टाकताना म्हणाला, "सरांना काय सांगू?" मी म्हटलं, माझं नाव सांग.

त्याने खरोखरच सांगितलं. भाच्याचा रात्री फोन आला. "आत्या, तू आमचा गोलकीपर घालवलास." त्यानंतर आठ दिवस त्याने अबोला धरला. घरी वहिनी म्हणाली, बरोबर केलंस. दादा म्हणाला, तुला कोणी विचारलं होतं? दोघांचंही बरोबर होतं. मला विचारलं होतं ते त्या मुलाने, पण मी उत्तर दिलं ते सगळ्या संघाला भोगायचं होतं. साहित्य शिकायला मी घरच्यांशी भांडून बाराशे मैल लांब गेले होते. पोटापाण्याचं काय, असं मला विचारणाऱ्यांचा मला तेव्हा राग यायचा. आता मीच एका मुलाला नोकरी धर म्हणत होते. त्याला पुस्तकं हवी असती तर मी वेगळं बोलले असते. पण त्याला हवा होता चेंडू, आणि चेंडूसाठी एम.ए. हा फारच लांबचा रस्ता होता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भाच्याने फोटो पाठवला. पाऊस लागलेला, मैदान काळंभोर. गोलपोस्टसमोर दुसऱ्या वर्षाचा राखीव गोलकीपर. बुटका, उंच चेंडूला घाबरणारा मुलगा. त्याच्यावर हाताने चेंडू फेकत उभा होता तो फाउंड्रीतला. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सकाळी येतो म्हणे. त्यानेच पोरांना सांगितलं होतं, याद्यांची वाट बघू नका, आहात तेवढे या. अकरा जण राहिले होते, त्यातले नऊ आले होते. बचावाला कोणी नाही, म्हणून भाचा मधून मागे सरकला होता. खाली त्याने लिहिलं होतं, 'अहवाल छापायला जातोय. काय लिहू?'

संघ सुधारेल का, याचं प्रामाणिक उत्तर मला आजही देता येत नाही. सात गेले, त्यात सर्वांत चांगला गेला. नवीन कोण येईल ते ऑगस्टपर्यंत कळणार नाही. डाव कसे पडतील ते कोणाच्याच हातात नाही. वहीतला हिशेब पुन्हा पाहिला तर एकच रकाना असा होता, की जो ही पोरं स्वतः बदलू शकत होती. तो नऊ दिवसांचा. मी त्याला तीन वाक्यं पाठवली : 'विभागीय स्पर्धेत पहिल्या सामन्यात 1–4 असा पराभव झाला. सात खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडत आहेत. पुढच्या वर्षीचा सराव आम्ही लवकर सुरू केला आहे.'

"एवढंच?" त्याने विचारलं.

"एवढं खरं आहे."

जुलैमध्ये मुद्रितं आली. आभाराच्या पाच ओळी जशाच्या तशा होत्या. शेवटी माझी तीन वाक्यं, सरांच्या एका दुरुस्तीसह : 'पुढच्या वर्षीचा सराव आम्ही नक्कीच लवकर सुरू केला आहे.' व्याकरणाला ते रुचणारं नाही. भाच्याने विचारलं, काढायला सांगू का? मी म्हटलं, असू दे.